सकाळची एक, दुपारची एक

"मी माझ्या नवऱ्याला औषध दिलं की नाही, एवढंच मला शोधून द्या," वहिनी म्हणाल्या. समोर खुर्ची होती, पण बसायचं त्यांना सुचलं नाही.

इन्स्पेक्टरबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. तीस वर्षं सरकारी औषध निरीक्षक म्हणून नोकरी करून बाई निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून खासगी तपास करू लागल्या. हरवलेले दागिने झाले, पळालेले नवरे झाले. पण स्वतःचीच चौकशी करा म्हणणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

"बसा आधी. तुम्हाला स्वतःला आठवत नाही का?"

"आठवतं ना! सकाळी आठला एक, दुपारी एकला एक. माझ्या हातानं, माझ्या डोळ्यांसमोर. पण सगळे म्हणतात, मी विसरले. आता मलाही वाटायला लागलंय, की विसरले असेन."

वहिनी सहासष्ट वर्षांच्या. अख्खी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. त्यांच्या नवऱ्याला सगळे पेंटर म्हणत, कारण चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी कंपवातानं त्यांचा उजवा हात धरला. मग डॉक्टरांनी बाकीच्या गोळ्यांबरोबर एक कॅप्सूल सुरू केली आणि हात बराच ऐकू लागला. चमचा तोंडापर्यंत सांडल्याशिवाय जायचा. क्वचित ब्रशही हाती यायचा.

गेल्या रविवारी पेंटर लाकडासारखे ताठ झाले. गुरुवारी तापानं फणफणले, बायकोला ओळखेनात, तेव्हा त्यांना हॉस्पिटलात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि लेकीसमोरच विचारलं, "ही कॅप्सूल एकदम बंद केली की असं होतं. कमी करायची तरी हळूहळू करायची असते. किती दिवस दिली नाही तुम्ही?"

"झालं!" वहिनी म्हणाल्या. "लेकीनं ठरवून टाकलं. सोमवारी ती त्यांना तिच्या शहरात नेणार, आजाऱ्यांच्या संस्थेत ठेवणार. मला म्हणते, आई, तुझ्यावर सोडता येणार नाही. एक्केचाळीस वर्षांचा संसार आहे हो माझा. आणि आज शनिवार."

"कॅप्सूल मोजता?"

"रोज. हिशेब चोख लागतो."

"दिल्याच नसत्या तर उरायला हव्या होत्या."

"लेक म्हणते, चूक लपवायला मी मोरीत टाकल्या असतील."

बाईंनी विचारलं, "किडनीची तपासणी कधी केली होती?"

"दोन महिन्यांपूर्वी. चांगली आली. हे औषध त्याच वाटेनं बाहेर पडतं, म्हणून डॉक्टर सारखी करायला लावतात."

"शहाणा डॉक्टर आहे. चला, तुमचं स्वयंपाकघर दाखवा."

स्वयंपाकघराच्या फळीवर औषधाची बाटली होती आणि शेजारी प्लॅस्टिकची चौदा खणांची डबी, सात वारांची, दोन वेळांची. वहिनींनी सवयीनं डबीवर फुंकर मारली आणि फडक्यानं फळी पुसली.

"या मेल्या मुंग्या! दोन आठवडे झाले, पिच्छा सोडत नाहीत."

"बाटलीलाही येतात?"

"नाही बाई, तिला नाही. तिचं झाकण घट्ट आहे."

गुरुवार दुपारपासूनचे खण भरलेलेच होते. बाईंनी बाटलीतली एक कॅप्सूल उघडली, पेन्सिलीच्या टोकावर कणभर पूड घेऊन जिभेला लावली आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. चूळ भरली. मग डबीतली एक उघडून तसंच केलं. या वेळी तोंड जागच्या जागी राहिलं.

"तुम्ही असलं काही करू नका हं," त्या म्हणाल्या. "मला खोड आहे. डबी कोण भरतं?"

"आमचा धाकटा. म्हणजे माझा दीर, वरच्या मजल्यावर राहतो. मला मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर दिसत नाही. दर रविवारी तो बाटली आणि डबी वर नेतो, उजेडात नीट भरतो आणि आणून देतो."

हे सांगताना वहिनींचा चेहरा जरा उजळला. सासूबाई गेल्या तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्याचं दप्तर, त्याचा गोवर, त्याचं मोडलेलं लग्न, सगळं वहिनींनीच निस्तरलं होतं. सध्या सगळं घर त्यांना दूषणं देत असताना एकटा तोच जवळ बसायचा. 'वहिनी, माणूस आहे, चूक व्हायचीच, मनाला लावून घेऊ नका,' असं म्हणायचा. तेवढ्यानंही त्यांना भरून यायचं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं बाईंना पाहताच काउंटरवरचा चहाचा कप लपवला. जुनी दहशत.

"माल अस्सल आहे, बाई. याच खोक्यातल्या बाटल्या आणखी तीन पेशंटनी नेल्यात. तिघंही ठणठणीत."

"ठणठणीत माणूस तुझ्याकडे कशाला येईल? वहिनींना या औषधाबद्दल काय सांगितलं होतंस?"

"तेच, की संध्याकाळनंतर घ्यायचं नाही, झोप उडते. भास झाले, पायावर सूज आली, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. मनानं बंद करायचं नाही." तो रंगात आला. "गंमत म्हणजे, हे आधी फ्लूवरचं औषध होतं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की यानं थरथरही कमी होते. आता फ्लूवर कोणी देत नाही, व्हायरस त्याला भीक घालत नाही. तरी महिन्याभरात दोघं-तिघं विचारून गेले. चिठ्ठीशिवाय मी दिलं नाही!"

"ते मी विचारलंच नव्हतं," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

पेंटरना रोज अंघोळ घालायला येणाऱ्या सिस्टर त्यांच्या स्वतःच्या घरी भेटल्या. बाईंनी दोन प्रश्न विचारताच त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"काकू, मी सांगणार होते. बुधवारी काकांचं नाक गळत होतं. माझ्या पर्समधली सर्दीची गोळी दिली त्यांना. आणि गुरुवारी ते कोणाला ओळखेनात."

वहिनींना वाटलं, सापडला चोर. पण बाईंनी सिस्टरना नुसतं झापलं. "या औषधाबरोबर तसली गुंगीची गोळी घेतली तर डोकं आणखी भरकटतं. विचारल्याशिवाय एक गोळीही द्यायची नाही, कळलं? पण ताठ झाले ते रविवारी. बुधवारची गोळी मागे जाऊन रविवारी लागू पडत नाही."

लेक हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फोनवर होती. तिनं आईकडे पाहायचं टाळलं.

"मी गुरुवारी रात्री पोचले," ती बाईंना म्हणाली. "मला काय हौस आहे का आईला दोष द्यायची? पण बाबांचा जीव आहे."

"आई विसरते, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टरांनी काल सांगितलं. काकांचा फोन आठवड्यापूर्वीच आला होता. म्हणाले, हल्ली वहिनींचं लक्ष राहत नाही, औषधं चुकतात, पण त्यांना बोलू नकोस, त्यांना लागेल."

"आठवड्यापूर्वी? म्हणजे बाबा ताठ व्हायच्या आधी?"

"आदल्या दिवशी, शनिवारी," लेक म्हणाली आणि पुन्हा फोनकडे वळली.

वहिनींच्या मनात आलं, किती जीव आहे याचा आपल्यावर. बोलू नकोस म्हणाला.

शेवटी दोघी गच्चीवर गेल्या. धाकटा पन्नाशीचा, अंगानं किरकोळ. कबुतरांच्या खुराड्यात अर्धा आत आणि अर्धा बाहेर असा सापडला. शर्यतीची कबुतरं. त्यांच्यापुढे त्याला तहानभूक नसायची.

"छान आहेत," बाई म्हणाल्या. "चौदा?"

"सोळा होती. दोन गेली." त्याचा आवाज चिरकला. "नदीपलीकडचं कोंबड्यांचं फार्म ठाऊक आहे ना? मागच्या महिन्यात साथ आली म्हणून सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या. आता घरोघरचे पक्षी तपासताहेत. माझ्याकडे बुधवारी येणार आहेत. एक जरी आजारी दिसलं तरी सगळी नेतील."

"आणि आजारी होती?"

"मरगळली होती थोडी. आता सावरलीत."

त्यानं चहा केला. बाईंनी घोट घेतला आणि साखर मागितली.

"साखर नसते माझ्याकडे. डायबेटीस आहे, आठ वर्षं झाली."

"ते काय मग?" बाईंनी पाण्याच्या भांड्यांशेजारच्या पुड्याकडे बोट केलं. पिठीसाखर होती.

"ती त्यांची," धाकटा हसला. "पाण्यात घालतो. नाहीतर पीत नाहीत."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या आणि तो बेचव चहा शेवटपर्यंत प्यायल्या.

रविवारी दुपारी वहिनींच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. लेक, सिस्टर, धाकटा. निकाल आपल्याविरुद्धच लागणार, याची वहिनींना जवळजवळ खात्री होती.

"वहिनींनी एकही वेळ चुकवली नाही," बाईंनी सुरुवात केली. "रोज दोन कॅप्सूल दिल्या आणि पेंटरनी त्या गिळल्या. तरीही औषध त्यांच्या पोटात गेलं नाही. म्हणजे कॅप्सूलमध्ये औषधच नव्हतं."

"मेडिकलवाला!" सिस्टर म्हणाल्या.

"बाटलीतल्या कॅप्सूल कडूजहर आहेत. अस्सल आहेत. डबीतल्या गोड आहेत. मुंग्यांना ते माझ्या आधी कळलं होतं. त्या दोन आठवडे डबीवर चढत होत्या, बाटलीकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या. आता औषध बाटलीतून डबीत जाताना कोणाच्या हातातून जातं?"

वहिनींनी धाकट्याकडे पाहिलंच नाही.

"नुसत्या कॅप्सूल पळवल्या असत्या तर वहिनींच्या मोजणीत सापडल्या असत्या. म्हणून टरफलं उघडायची, पूड काढायची आणि पिठीसाखर भरून पुन्हा बंद करायची. ज्याच्या चहात साखर चालत नाही, त्याच्या गच्चीवर पिठीसाखरेचा पुडा. कबुतरं पाणी पीत नव्हती, कारण काढलेली पूड घालून पाणी कडू झालं होतं. मेडिकलवाला म्हणालाच, हे मुळात फ्लूवरचं औषध, आणि नदीपलीकडची साथ पक्ष्यांच्या फ्लूचीच. महिन्याभरात दोघं-तिघं विचारून गेले. त्यांत एक कोण होता, हे मी आज सकाळी त्याला विचारून आले."

लेक उठून उभी राहिली. "काका?"

"आणि फोन," बाई म्हणाल्या. "पेंटर रविवारी ताठ झाले. वहिनी औषधं विसरतात, असा फोन शनिवारीच गेला. काही झालंच तर कोणावर ढकलायचं, हे आधीच ठरलं होतं."

धाकट्यानं मान वर केली नाही. "दोन आठवड्यांचाच प्रश्न होता. मला वाटलं, हात थोडा जास्त थरथरेल. त्याहून काय होणार? दादाला इतकं होईल असं माहीत असतं तर..."

"गुरुवारी माहीत झालं," लेक ओरडली. "तेव्हा का नाही बोललात? बाबांच्या पोटात काय गेलं, काय नाही, याचा डॉक्टर अंदाज बांधत बसलेत तिकडे!"

धाकटा वहिनींकडे वळला. "वहिनी, ती मेली असती. सगळी."

वहिनी इतका वेळ टेबलावरच्या एका डागावरून बोट फिरवत होत्या. आता त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तू माझ्याशेजारी बसून माझा हात धरलास," त्या म्हणाल्या. "म्हणालास, माणूस आहे, चूक व्हायचीच. तीन दिवस मी रडत होते. माझ्या डोक्यात बिघाड झाला, मी माझ्या नवऱ्याला मरणाच्या दारात नेलं, असं समजत होते. आणि तू मला पाणी आणून देत होतास. कबुतरांसाठी चोरलंस, ते मी एक वेळ गिळलं असतं रे. मागितलं असतंस तर डॉक्टरांच्या पाया पडले असते तुझ्यासाठी. पण तू मला माझ्यावरच भरवसा ठेवू दिला नाहीस."

त्यांचा आवाज चढला नाही. धाकटा उठला, जिन्यापर्यंत गेला आणि पहिल्या पायरीवरच बसला.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. मग लेकीनं दुसऱ्या दिवशीचं तिकीट आईसमोर फाडलं आणि आईच्या मांडीत डोकं खुपसलं. वहिनींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. पण हिनंही विश्वास ठेवला नव्हता, हे इतक्यात विसरता येण्यासारखं नव्हतं.

पाचव्या दिवशी पेंटरची बोटं सैल झाली. त्यांनी वहिनींना ओळखलं. ओठ हलवायला बराच वेळ लागला. वहिनी कान त्यांच्या तोंडाशी नेऊन थांबल्या.

"धाकटा," पेंटर म्हणाले, "जेवला का गं?"

व्हरांड्यातून सिस्टरनी डोळ्यांनीच खुणावलं, आत्ता नको. लेकीनंही मान हलवली.

वहिनींना कळत होतं की 'हो' म्हटलं की काम भागेल. त्यांना बरं वाटेल, झोप लागेल. आपल्यालाही असंच बरं वाटू दिलं होतं कोणीतरी.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही त्याला. का विचारलं नाही, ते सांगते. ऐकवेल ना तुम्हाला?"

पेंटरनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूहळू मान डोलावली.