जगदाळ्यांची धडधड

"पेटी वाजवता का तुम्ही?"

कराडहून कोयनानगरला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या माणसानं मला हे विचारलं, तेव्हा मी आधीच वैतागले होते. हॉस्पिटलची जीप कराडातच बंद पडली होती. ऑगस्टचा पाऊस खिडकीच्या ताडपत्रीतून माझ्या खांद्यावर गळत होता आणि मांडीवर ती जड लाकडी पेटी… घाटाच्या प्रत्येक वळणाला गुडघ्यात रुतत होती.

"नाही," मी म्हटलं.

"मग… गाता?"

"हे ईसीजीचं मशीन आहे. हृदयाचे ठोके कागदावर काढतं."

तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे वाजवतं दुसरंच कुणी. तुम्ही नुसत्या ऐकता."

मला हसू येत होतं, म्हणून मी तोंड खिडकीकडं फिरवलं. पुढच्या वळणावर त्यानं न विचारता ती पेटी उचलून आपल्या मांडीवर घेतली.  कोयनानगर येईपर्यंत खड्डा आला की दोन्ही हातांनी पेटी अलगद वर धरायचा, लहान मूल धरावं तशी.

मी डॉक्टर त्रिशला मगदूम. मुंबईला राहून हृदयाच्या ठोक्यांचा अभ्यास केला आणि सांगलीला परत आले. "नुसते ठोकेच बघता व्हय? ताप बघत न्हाई?" असं विचारणाऱ्या पेशंटांनी मला पहिल्या सहा महिन्यांतच पुरतं दमवलं होतं. त्यात दर महिन्याला कोयनानगरला हॉस्पिटलचं तपासणी शिबिर. मोठा भूकंप होऊन पाच-सहा वर्षं लोटली होती, पण धरणाच्या वसाहतीत कुणाचीही छाती धडधडली की लोक म्हणायचे, "भूकंपाचं भ्या बसलंय, दुसरं काय न्हाई." मग खरे आजारी घरात बसायचे, आणि शिबिराला यायचे ते प्रश्न विचारणारे.

त्या दिवशीही हॉल भरला होता. पहिल्या रांगेतल्या बनुबाईंनी हात वर केला.

"बाई, काळीज डावीकडं असतंय म्हणत्यात. मग डाव्या कुशीवर झोपू का नगं?"

"झोपा की."

"चेंगरत न्हाई न्हवं?"

"नाही चेंगरत."

मग सुभेदार लालासाहेब उठले. निवृत्त झाले होते, पण उभे राहिले ते सावधानमध्येच. "मॅडम, फौजेत आमी पंधरा वर्सं पळलो. हार्ट एकदम ओके. आता तंबाखूनं काय हुणार?"

"नुकसान होणार."

"थोडी खाल्ली तर?"

"थोडं होणार."

"आन् चुना जास्ती घेतला तर?"

मी पाण्याचा पेला उचलला आणि सगळा एका दमात प्याले. तेवढ्यात मागच्या दारातून ओळखीचा आवाज आला.

"डॉक्टर, एखाद्याची धडधड एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. बसल्या जागी. कशामुळं?"

एसटीतला माणूस. दाराच्या चौकटीला टेकून उभा. हॉलमध्ये खसखस पिकली. "जगदाळेसाहेब, लगीन करा आता!" कुणीतरी ओरडलं. तोही हसला… पण त्याचे डोळे हसत नव्हते, एवढं मला दिसलं.

"तो एखादा इथं असेल तर आत येऊन झोपू दे टेबलावर," मी म्हटलं.

तो आला. मानसिंग जगदाळे, जमिनीखालच्या वीजघरात इंजिनियर, मूळ सातारचा, घरातले सगळे फौजेत. मी मशीनमधून ठोक्यांचा कागदी पट्टा काढला. ठोके इतके नेटके, इतके सरळ, की एखाद्या शहाण्या मुलानं शुद्धलेखन काढावं.

"काही नाही तुम्हाला."

"आता नाही हो. परवा होती."

"परवाची आज कशी दिसणार?"

"तेच तर माझं दुखणं आहे," तो बटणं लावत म्हणाला.

त्यानंतर तो सांगलीला येऊ लागला. एसटीनं, ओल्या शर्टानं, केसांतून पाणी गळत. दर वेळी तेच… घरून निघताना धडधड सुरू, कराड येईपर्यंत बंद. मी पट्टा काढायची, पट्टा नेटका. आमची नर्स साळूबाई त्याला बघितलं की तोंडाला पदर लावायची. "आलं बगा बाई तुमचं, ज्याला काय बी झालं न्हाई ते पेशंट."

मला काही कळेना. तो सांगायचा ती लक्षणं पुस्तकातल्यासारखी अचूक होती. म्हणून हाकलून देता येईना. आणि पुस्तकातल्यासारखी अचूक होती, म्हणून विश्वासही बसेना!

"नीट सांगा," एकदा मी पेन आपटून म्हटलं. "अचानक सुरू होते की हळूहळू?"

"दोन प्रकारच्या आहेत."

"दोन?"

"एक अचानक. बटण दाबावं तशी सुरू, बटण दाबावं तशी बंद. तिची भीती वाटते." तो टेबलावरच्या माझ्या स्टेथोस्कोपकडं बघत राहिला. "दुसरी… हळूहळू. कराडच्या स्टँडवर सुरू होते आणि सांगली जवळ येईल तशी वाढत जाते."

माझे कान तापले. "दुसरीवर माझ्याकडं औषध नाही," मी म्हटलं. "पहिलीचं ऐका. पुन्हा झाली की जिथं असाल तिथंच बसायचं. नाक-तोंड बंद करून पोटातून जोर द्यायचा. तोंडावर गार पाणी मारायचं. बहुतेक वेळा थांबते. एसटीत बसून इकडं यायचं नाही."

"मग इकडं यायला कारण काय उरलं?"

"काहीही उरलं नाही!"

"बघा… म्हणजे औषधानं नुकसानच," तो म्हणाला, आणि छत्री विसरून निघून गेला. ती छत्री आठवडाभर माझ्या खुर्चीमागं टांगलेली राहिली. मी ती चार वेळा उचलून कपाटात ठेवली आणि चार वेळा परत बाहेर काढली. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

ऑक्टोबरच्या शिबिरात बनुबाई मला विचारत होत्या, की रडल्यानं काळीज झिजतं का. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि जमीन हलली.

फार नाही. पेला टेबलावरून सरकला, पत्र्याचं छत खडखडलं, भिंतीतून एक खोल घुरघुर गेली. पण लोकांना सवय होती. क्षणात हॉल रिकामा झाला. मी बनुबाईंचा दंड धरून बाहेर आले. परतीच्या पावसाची भुरभुर सुरू होती. सगळे मैदानात उभे, पोरं रडतायत, सुभेदार लालासाहेब मोजणी करतायत… आणि मला दिसलं, मानसिंग जगदाळे उलटा हॉलमध्ये पळत चाललाय.

"अहो! जगदाळे! कुठं निघालात?"

तो आत गेला. छत पुन्हा खडखडलं.  मग तो बाहेर आला, पेटी छातीशी धरून. शेजारच्या दवाखान्याच्या पायरीवर त्यानं ती जपून ठेवली, आणि स्वतः खाली बसला. बसला म्हणजे… कोसळलाच.

चेहरा राखेसारखा. कपाळावर पावसापेक्षा घाम जास्त. मी मनगट धरलं. नाडी मोजताच येईना, बोटाखाली नुसती थरथर.

"पहिली," तो कसाबसा म्हणाला. "पहिल्या प्रकारची."

आम्ही त्याला व्हरांड्यात आडवं केलं. सुदैवानं वीज गेली नव्हती. मी तारा जोडल्या आणि बटण दाबलं. कागद सरसर बाहेर येऊ लागला. टोकाला टोक लागून ठोके, मिनिटाला दोनशेच्या आसपास, एकसारखे, धावत सुटलेले. इतके दिवस ज्याच्यामागं लागले होते ते माझ्या हातात होतं!

"सापडलं!" मी ओरडले.

"डॉक्टर," तो डोळे न उघडता म्हणाला, "मी मरतोय का? मरत असेन तर जरा कमी आनंद करा."

"गप्प बसा. श्वास घ्या, धरा. आता जोर द्या, पोटातून. अजून…"

नाही थांबलं. मग मी त्याच्या मानेवर, जबड्याखाली, दोन बोटं ठेवली आणि बेतानं दाबत चोळलं. हा उपाय मी मुंबईत कितीतरी वेळा केला होता.  कागदावर एक लांबलचक रिकामी रेघ आली… आणि मग ठोका. मग दुसरा. सावकाश, नेटके, शुद्धलेखनासारखे.

त्यानं डोळे उघडले. "बंद झाली."

"झाली."

माझी बोटं अजून त्याच्या मानेवरच होती. मी ती काढायला विसरले होते.  पागोळ्यांचं पाणी आमच्या पायांशी पडत होतं.

मग मला राग आला. असा आला की सगळी वसाहत ऐकत होती.

"आत कशाला गेलात? छत डोक्यावर आलं असतं तर? यंत्र दुसरं मिळतं! माणूस कुठनं आणायचा? अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही?"

"ती पेटी गेली असती," तो हळूच म्हणाला, "तर पुढच्या महिन्यात तुम्ही कशाला आला असता?"

मला एवढं बोलायचं होतं, आणि मी रडत होते. बनुबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडा बाई," त्या म्हणाल्या. "झिजत न्हाई म्हनला न्हवं तुमीच?"

मी तेवढंही म्हटलं नव्हतं, पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

तो शांत झाल्यावर मी त्याला सगळं समजावलं. हृदयात ठोक्याच्या वाटेला एक जास्तीची वाट असावी. कधीतरी ठोका त्या वाटेनं गोल गोल फिरत बसतो. अशी माणसं बहुतेक चांगली म्हातारी होतात. पण वीजघरात, उंच शिडीवर, फिरत्या यंत्रापाशी हे झालं, तर तो मरेल आणि बरोबरचे दोघं-चौघंही.

"ऑफिसात सांगावं लागेल," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "मला वर आणून बसवतील डॉक्टर. टेबलावर. आमच्या घरात अजून कुणी टेबलावर बसलेलं नाही."

"तुम्ही बसा."

"तुम्ही कुणाला सांगणार नाही, असं नाही का होणार?"

"मी सांगणार नाही. तुम्ही सांगणार."

 "तुम्ही जरा गोड बोलला असता, तर नाही म्हणता आलं असतं," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं. त्याला साताऱ्याच्या ऑफिसात नकाशांच्या कामाला बसवलं. नोव्हेंबरात तो सांगलीला आला. कोरडा शर्ट, नीट विंचरलेले केस, आणि हे सगळं मला सांगताना आवाज जड.

मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "तुमची केस मी मिरजेच्या डॉक्टरांकडं दिलीय. ते माझे गुरू आहेत. यापुढं त्यांच्याकडं जायचं."

"का?" तो उभाच राहिला. "माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग? मी खरं सांगितलं ऑफिसात, तुम्ही म्हणाला म्हणून. आता तुम्हीच…"

"जगदाळे, मी तुमची डॉक्टर राहू शकत नाही."

"पण का?"

दाराबाहेर रांग होती. कुणीतरी कडी वाजवत होतं. "बाई, आमचा नंबर कवा?" आणि हा माणूस, जगातले सगळे प्रश्न ज्याला पडतात, तो माझ्यासमोर परत मिळालेली छत्री कुरवाळत उभा होता आणि एवढी साधी गोष्ट त्याला कळत नव्हती!

"कारण पेशंटशी लग्न करता येत नाही!" मी म्हटलं. "निदान मला तरी नाही."

कडी वाजायची थांबली. बाहेरच्यांनीही ऐकलं असावं.  मानसिंग खुर्चीत बसला, माझा हात टेबलावर होता तो त्यानं धरला, आणि इतकंच म्हणाला, "मिरजेला जातो मी."

संध्याकाळी मी त्याला घरी नेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील धरणेंद्र मगदूम, अंगणाकडच्या सोप्यावर बसले होते. आई दाराआड. मानसिंग अंगणात उभा राहिला, कारण त्याला कुणी बसा म्हटलं नाही. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. त्याचं मराठा घर, फौजेतले लोक, खाणंपिणं वेगळं. आणि हृदयाचा आजार, तोही लपवला नाही. आई आतून म्हणाली, "आपल्यात पोरं संपली हुती काय गं?"

अण्णा म्हणाले, "डॉक्टर म्हणून एक सांग मला. असल्या माणसाला लोकांनी पोरगी द्यावी का?"

हा प्रश्न मला आयाबायांनी शंभरदा विचारला होता. शंभरदा मी सहज उत्तर दिलं होतं. आता एकेक शब्द तोलावा लागला.

"द्यायला हरकत नाही," मी म्हटलं. "धडधड पुन्हा होईल. कधी होईल ते सांगता येत नाही. बहुतेक तो म्हातारा होईल. पण अण्णा… खात्री मी कुणाचीच देत नाही, याचीही देणार नाही."

"आणि लेक म्हणून?"

"लेक म्हणून मी विचारायला आले नाही. सांगायला आलेय."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला. अंगणातल्या त्या माणसाकडं बघितलं. मग मान वर करून पश्चिमेकडं बघितलं. आमच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही.

"अजून ऊन हाय," ते आत बघून म्हणाले. "पावण्यांचं पान मांडा. आवं, आत या, उभं का?"

आईनं भांडी आपटतच पान मांडलं. एकच भाकरी वाढली, आणि तोंड फिरवून बसली. मानसिंगनं मान खाली घालून ती संपवली. मग घाबरत घाबरत ताट पुढं केलं.

आईनं कपाळावर हात मारला, आणि तव्यावरची गरम उचलून त्याच्या ताटात टाकली.