ओला कचरा, सुका कचरा आणि हत्ती

हत्ती सहसा हरवत नाही. चष्मा हरवतो, छत्री हरवते, शाळेचा डबा तर हरवण्यासाठीच विकत घेतात. पण मबोयाच्या जंगलातले हत्ती हरवले होते, आणि तेही एखाददुसरा नव्हे, सगळेच्या सगळे.

मबोया हे मध्य आफ्रिकेतल्या गॅबन देशातलं वनरक्षकांचं एक छोटंसं ठाणं. हा देश म्हणजे बहुतेक जंगलच. मधूनमधून माणसं राहतात, तीही झाडांची परवानगी काढून राहिल्यासारखी. तिथल्या एका राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला हे ठाणं होतं, आणि नाशिकची अकरा वर्षांची केतकी दणाईत सुट्टीत इथं आली होती ती फक्त हत्ती बघायला. वाटेत तिनं गोरिला पाहिला, तांबडी रानडुकरं पाहिली, करड्या पोपटांचा थवा पाहिला. पण वर्गातल्या मुली पहिला प्रश्न हत्तीचाच विचारणार, हे तिला ठाऊक होतं.

तिला घेऊन आले होते तिचे आजोबा, डॉ. मुरलीधर दणाईत. ते यंत्रमानव बनवत. आता निवृत्त झाले होते, म्हणजे पूर्वी जे पगार घेऊन करत तेच फुकट करत होते. वर्षापूर्वी त्यांनी मबोया ठाण्याला एक सफाई यंत्रमानव भेट दिला होता. त्याचं नाव टापटीप. सहा पाय, दोन लांब हात आणि पाठीवर दोन पेट्या: ओल्या कचऱ्याची हिरवी, सुक्याची निळी. एका शहराच्या स्वच्छता स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. बक्षीस समारंभात त्यानं प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यातला हार काढून हिरव्या पेटीत टाकला. फुलं म्हणजे ओला कचरा, त्याचं काही चुकलं नव्हतं. पाहुणे हसले, कारण फोटो काढणं चालू होतं.

"आवं डॉक्टर, बसा जरा," ठाण्याच्या प्रमुख मादाम मुसावू म्हणाल्या.

खरं तर त्या फ्रेंच बोलत होत्या. केतकीच्या कानातला दुभाष्या (एका भाषेतलं बोलणं लगेच दुसरीत सांगणारं बोंडाएवढं यंत्र) ते मराठीत सांगत होता. आजोबांनी त्याला मराठी शिकवली ती आपल्या साताऱ्याकडच्या आत्याच्या आवाजावर. त्यामुळे कडक इस्त्रीच्या गणवेशातल्या, सहा फूट उंच मादाम मुसावू केतकीच्या कानात थेट आत्याबाई होऊन बोलत. मादामच्या कानातही असाच एक दुभाष्या होता, मराठीचं फ्रेंच करणारा.

"सोमवारी हे ठाणं बंद हुतंय," मादाम म्हणाल्या. "राजधानीतनं निरोप आलाय. हत्तीच न्हाईत तर राखण कुणाची करायची, म्हणत्यात. आमची माणसं दुसरीकडं हलवणार."

"आणि नंतर हत्ती परत आले तर?" केतकीनं विचारलं.

"तर त्यांच्या सुळ्यांवर टपल्यालं चोर हितं आधीच बसल्यालं असतील. आन् त्यांना आडवायला कुणी नसंल, पोरी."

 केतकीनं बाहेरच्या झाडीकडे पाहिलं.

"पण हत्ती नाहीत हे कळलं कसं? एवढ्या दाट झाडीत ते असले तरी दिसणार नाहीत."

"नात हुशार हाय तुमची, डॉक्टर. आमी हत्ती मोजतच न्हाई. आमी लीद मोजतो."

केतकीनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांना कोणी असं पाहिलं की ते खुर्चीत पुढे सरकत.

"याला विष्ठागणना म्हणतात (लिदीच्या ढिगांवरून प्राण्यांची संख्या काढायची रीत). समज, एका लग्नाला तू उशिरा पोचलीस. मंडळी जेवून घरी गेली. किती जण जेवले, कसं काढशील?"

"उष्ट्या ताटांवरून."

"बरोबर. न बोलावता आलेलेही त्यात सापडतात. हत्तीचं तसंच, फक्त जेवणाच्या दुसऱ्या टोकाकडून. जंगलातला हत्ती दिवसातून साधारण सतरा-अठरा वेळा लीद टाकतो. ही एक माहिती. पाऊस आणि किडे मिळून ती लीद किती दिवसांत संपवतात, ही दुसरी. दोन्हींचा गुणाकार केला की एका हत्तीचे किती ढीग एका वेळी जंगलात पडलेले असणार ते निघतं. मग सापडलेल्या सगळ्या ढिगांना त्या आकड्यानं भागायचं. आले हत्ती."

"न बघता?"

"न बघता. हत्तीला त्रास नाही, आपल्याला धोका नाही. वास काय तो थोडा."

"आन् यंदा ढीग किती?" मादामनी दोन बोटांनी शून्य करून दाखवलं. "झाडांना कॅमेरं बी बांधल्यालं हुतं. ते माकडांनी पळवलं. यंदाची माकडं लई शिस्तीची. एकानं बी पट्टा तोडला न्हाई, नीट सोडून नेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आणि केतकी हत्तीवाटेनं निघाले. हत्ती पिढ्यान् पिढ्या एकाच मार्गानं चालतात, त्यामुळे जंगलात आपोआप रुंद रस्ते तयार होतात. त्यांना निविदा काढावी लागत नाही. केतकीला वाटलं होतं की वाट चिखलाची, काट्याकुट्यांची असेल. प्रत्यक्षात ती इतकी स्वच्छ होती की मधोमध रांगोळी काढता आली असती.

एका झाडाशी ती थांबली. खोडावर, तिचा हात पोचणार नाही इतक्या उंच, चिखल थापलेला होता.

"हे कोणी केलं?"

"हत्तीनं. ते चिखलात लोळतात आणि मग झाडाला अंग घासतात. पण हा जुना असेल."

"थेंब पडतोय, आजोबा."

आजोबांनी चष्मा पुसला, टाचा उंचावून चिखलाला बोट लावलं आणि आवाज खाली आणला. "अगं, हा आजचा आहे."

केतकी वाटेच्या दोन्ही कडांना शोधू लागली. "म्हणजे ते येतात. अंग घासतात. ती बघा, तिकडे झाडीत फळाची फुटलेली करवंटी, म्हणजे खातातही. मग दिवसातून सतरा वेळा जायचं ते कुठे जातात?"

"सगळ्या कळपाला एकदम बद्धकोष्ठ झाल्याचं अजून तरी कुठे वाचलेलं नाही," आजोबा विचारात पडून म्हणाले.

केतकी वाटेकडे बघत राहिली. वाटेवर लीद नव्हती. वाळकं पान नव्हतं. फांदीचा तुकडा नव्हता. जंगलात पान पडलेलं नाही, हे झाडांना तरी कसं जमावं? ती मागे वळली आणि ठाण्याकडे पळत सुटली.

टापटीप अंगणात किटली घासत होता.

"टापटीप, पहाटे सगळे झोपलेले असतात तेव्हा तू कुठे असतोस?"

"कामावर."

"हत्तीवाटेवर?"

"होय. कार्यक्षेत्र वाढवले आहे."

"कोणी सांगितलं वाढवायला?"

"कोणी नको म्हटले नाही."

"आणि तिथे मिळतं काय?"

"ओला कचरा. मोठ्या आकाराचा. दररोज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारले नव्हते."

मागून धापा टाकत आलेले आजोबा पायरीवर मटकन बसले. सफाई अशी करावी की कोणाला पत्ता लागू नये, हे त्यांनीच टापटीपला शिकवलं होतं. शहरात एक गल्ली झाली की त्याला दुसरी मिळत असे. इथं गल्ली कुठे संपते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मादाम मुसावू बाहेर आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग बराच वेळ भरभर काहीतरी बोलल्या. दुभाष्या गप्प राहिला. ते शब्द आत्याला येत नसावेत, किंवा येत असले तरी पोरीसमोर उच्चारायचे नसावेत.

"टाकतोस कुठे ते दाखव," केतकी म्हणाली.

ओढ्यापलीकडे एक मोकळी जागा होती. तिथे दोन ढीग आणि दोन पाट्या होत्या. पाट्या मराठीत होत्या, त्यामुळे वर्षभर त्या कोणी वाचल्या नव्हत्या. 'सुका कचरा'च्या पाटीखाली डबे, बाटल्या आणि ओळीनं रचलेले कॅमेरे.

"झाडाला बांधलेली वस्तू म्हणजे बेकायदा फलक," टापटीप म्हणाला. "काढून टाकावा, असा नियम आहे."

"बिचारी माकडं," आजोबा पुटपुटले.

'ओला कचरा'च्या पाटीमागे मात्र टेकडी होती. लिदीची टेकडी. तिच्यावर पिवळी-निळी फुलपाखरं बसली होती, शेणकिडे गोळे वळून ढकलत नेत होते, आणि सगळ्या उतारावर कोवळी हिरवी रोपं उगवली होती. मादाम गुडघ्यांवर बसल्या. एका रोपाला त्यांनी बोट लावलं, बाळाच्या गालाला लावावं तसं.

"ह्यो ओम्फॅलोकार्पम. ह्याचं फळ खोडालाच लागतं."

"आमच्या फणसासारखं," केतकी म्हणाली.

"आसंल. पर त्याची करवंटी फोडावी तर हत्तीनंच. दुसऱ्याची टाप न्हाई. हत्ती खातो, बी पोटातनं जातं, वरचा गर निघतो, आन् कोसभर लांब, खतासकट जिमिनीवर पडतं."

"बीजप्रसार," आजोबा म्हणाले. "म्हणजे झाडाच्या बिया दूरवर पोचणं. झाडाला पाय नसतात, म्हणून ते हत्तीचे वापरतं. भाडं म्हणून फळ देतं."

तेवढ्यात मादामनी हात वर केला. सगळे झुडपाआड दबले.

समोरची पानं हलली आणि त्यांतून एक हत्तीण बाहेर आली. हिंदुस्थानी हत्तीहून बुटकी, कान गोल, सुळे सरळ खाली रोखलेले. तिच्या पोटाखालून एक पिल्लू डोकावलं.  पिल्लू तुरुतुरु ढिगाशी आलं, त्यानं सोंडेनं लीद उचलली आणि तोंडात घातली.

"शी," केतकीच्या तोंडून हळूच निघालं.

"शी नव्हे, औषध," आजोबा तिच्या कानात कुजबुजले. "पाला पचवायला पोटात सूक्ष्मजीव लागतात (डोळ्यांना न दिसणारे इवले जीव). ते पिल्लाला जन्मतः नसतात. मोठ्यांच्या लिदीतून मिळतात."

हत्तीण वळली, शेपटी उचलली आणि चार मोठे गोळे धपाधप जमिनीवर पडले.

टापटीपच्या पोटात हिरवा दिवा लागला. "ओला कचरा आढळला," तो म्हणाला आणि सहा पायांनी निघाला.

हत्तिणीनं कान पसरले. ती या यंत्राला तुडवील किंवा पिल्लाला घेऊन कायमची निघून जाईल; दोन्ही वाईटच. आजोबा खिशात थांबवायचं बटण शोधू लागले, पण ते ठाण्यावरच्या दुसऱ्या कोटात होतं. केतकीनं टापटीपचा मागचा पाय घट्ट धरला.

"थांब. तो कचरा नाही."

"मग काय आहे?" टापटीप थांबला नाही, फक्त तिला ओढत हळू चालू लागला.

"कचरा म्हणजे काय, ते तू सांग."

"जी वस्तू कोणालाही नको, तो कचरा."

"मग ऐक. ती शेणकिड्यांना हवी आहे, त्यांची अंडी त्यात असतात. फुलपाखरांना क्षार मिळतात, म्हणून त्यांना हवी आहे. पिल्लाला पोटासाठी हवी आहे. बियांना हवी आहे, झाडांना हवी आहे. मादामना मोजायला हवी आहे, नाहीतर उद्या ठाणं बंद. आता तूच सांग, नको कोणाला आहे?"

टापटीप उभा राहिला. एक पाय हवेत, एक हात पुढे. आतून बारीक घरघर ऐकू येत होती. हत्तीण मान झुकवून त्याच्याकडे बघत होती.

"इतके हक्कदार असलेली वस्तू," टापटीप शेवटी म्हणाला, "मालमत्ता ठरते. दुसऱ्याच्या मालमत्तेस हात लावता येत नाही."

हिरवा दिवा विझला. त्यानं हात मागे घेतला आणि हत्तिणीला वाट देऊन बाजूला झाला. तिनं सोंड लांब करून त्याच्या डोक्याचा वास घेतला, त्यात खाण्यासारखं काही नाही असं ठरवलं, आणि पिल्लाला पुढे घालून ती शांतपणे झाडीत गेली.



मग मादाम मुसावू कॅमेऱ्यांच्या ढिगाकडे धावल्या. सहा फुटांचं माणूस असं धावलेलं केतकीनं कधी पाहिलं नव्हतं. ठाण्यावर त्यांनी एकेक कॅमेरा उघडला. प्रत्येकात हत्तींच्या रांगाच रांगा होत्या: म्हातारे, तरणे, एक अर्धा सुळा मोडलेला. आणि प्रत्येकातलं शेवटचं चित्र टापटीपच्या पंजाचं. मादामनी सगळी चित्रं राजधानीला पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं: ठाणं चालू राहील, आणखी दोन रक्षक येतील. निरोपात हत्तींबद्दल आनंद व्यक्त केला होता आणि माकडांबद्दल दिलगिरी.

राहता राहिली टेकडीवरची रोपं. एकाच जागी इतकी दाटीनं वाढली तर एकमेकांचं ऊन आणि पाणी खाऊन ती सगळीच खुरटणार होती. ती लांब लांब नेऊन पसरायला हवीत, जे काम हत्तींनी केव्हाच केलं असतं.

"टापटीप करील," केतकी म्हणाली.

सोमवारी सकाळी टापटीपनं हिरव्या पेटीत रोपं घेतली. केतकीनं हत्तीवाटेच्या कडेला खड्डा दाखवला. त्यानं पहिलं रोप उभं केलं, माती दाबली आणि सवयीनं भोवतालचा पालापाचोळा उचलायला हात घातला. मग थबकला. पाचोळा त्यानं परत होता तिथे ठेवला, एकेक पान.

"हे काम पूर्ण झाल्याचे केव्हा समजावे?" त्यानं विचारलं.

केतकी त्या बोटभर रोपाकडे बघत हिशेब करू लागली. झाड वाढायला किती वर्षं, खोडाला फळ धरायला किती, आणि अजून जन्माला न आलेल्या कुठल्या तरी हत्तीनं ते फोडायला किती.

"मी आजोबांएवढी झाले की एक दिवस येईन," ती म्हणाली. "तेव्हा दोघं मिळून बघू."

"ठीक आहे," टापटीप म्हणाला, आणि दुसरं रोप काढून पुढच्या जागेकडे निघाला.