उन्हातलं तंगूस

तो दिवा मालव रे, पॅसेजमधला उजेड पुरे आहे. आणि मध्ये कुणी खिदळू नका, कारण ही माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. जयवंत परब. घाटकोपरला भटवाडीत, आमच्या शेजारच्या चाळीत राहायचा. अखेरच्या आजारपणात त्याने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली. त्याची बायको सुगंधावहिनी उशाशी बसली होती, तिने एका शब्दालाही नाही म्हटलं नाही.

साल १९८३. दिवाळी नुकतीच सरलेली. जयवंत संध्याकाळी तंगूस आणायला स्टेशनजवळच्या दुकानात गेला होता. तंगूस म्हणजे गळाला लावायचा नायलॉनचा दोरा. ते निवडावं तर जयवंतनेच. गिरणीच्या सूतखात्यात हयात गेलेली बोटं ती! डोळे मिटून दोरा चिमटीतून सरकवायचा. कुठे खरखर लागली, जाडीत जरा फरक जाणवला, की रीळ परत. मग थुंकी लावून गाठ मारायची आणि झटका द्यायचा. गाठीपाशी तुटला तर तो दोरा टाकाऊ.

"कटला मासा लबाड असतो," तो म्हणायचा. "जाड दोरा त्याला दिसतो नि बारीक दोरा तो तोडतो. मधला नेमका गावला पाहिजे."

आणि माशांचा चारा मळावा तर लवूने. लवू गावकर, जयवंतच्याच गावचा, त्याच गिरणीतला, त्याच चाळीतला. शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं चण्याचं पीठ, शिळा पाव, चिमूटभर भाजलेली मेथी, वरून गुळाचं पाणी. लवू ते असं मळायचा की गोळा पाण्यात पडला तरी लगेच फुटायचा नाही, हळूहळू विरघळत वास सोडायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं पवईच्या तलावावर जोडीने गळ टाकून गरवायला बसायचे. तंगूस एकाचं, चारा दुसऱ्याचा.

संप आला आणि ती जोडी फुटली. संप लांबला, घराघरात चुली थंडावल्या आणि एक दिवस लवू खाली मान घालून कामावर परत गेला. का गेला, घरात काय चाललं होतं, ते जयवंतने कधी विचारलं नाही. लवूच्या दारावर कुणीतरी शेण फासलं तेव्हा जयवंत गॅलरीत उभा राहून हसला. बोलणं बंद. तलावावरसुद्धा लवू पार त्या टोकाला, एकटा बसायला लागला.

तर त्या संध्याकाळी दुकानात लवू आला. जयवंतला बघून घुटमळला, मग पुढे झाला.

"जयवंता, माका एक तंगूस निवडून दी मरे. माझ्या बोटांक काय कळणा नाय."

जयवंतने त्याच्याकडे बघितलंही नाही. दुकानाच्या काचेला एक रीळ लटकत होतं, वर्षभर ऊन खात. उन्हाने तंगूस मरतं, पोरांनो. वरून तसंच चकचकीत दिसतं, पण आतून ठिसूळ होतं. जयवंतने ते चिमटीत धरलं आणि त्याच्या बोटांना लगेच कळलं. तरी त्याने तेच काढून लवूच्या हातात ठेवलं.

"हे घे. झकास आहे."

लवूचा चेहरा असा उजळला, काय सांगू! तंगूस मिळालं म्हणून नव्हे. जयवंत बोलला म्हणून.

"उद्या चारो जास्त मळतंय," तो म्हणाला. "तुका पण."

जयवंतच्या मनात काय होतं? मोठा मासा लागेल, सुटेल, हात चोळत बसेल साला. एवढंच. त्याहून जास्त काही नव्हतं, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी जयवंत तलावावर गेलाच नाही. लवू गेला. आणि लागला, खरंच कटला लागला. बघणारे सांगत होते, काठी पार कमानीसारखी वाकली होती. मग तंगूस तुटलं. तुटलेलं टोक पाण्यावरून सरसरत चाललेलं बघून लवू ते धरायला पाण्यात शिरला. कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत. पुढे जलपर्णी. त्यात पाय अडकले ते अडकलेच.

दहाव्याला कावळा शिवेना. पोरांना सांभाळू म्हणून झालं, बायकोला अंतर देणार नाही म्हणून झालं. जयवंत मागे उभा होता, तो काही बोलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

तेरावं झालं आणि लवूची बायको शेवंती जयवंतच्या दारात आली.

"भावजी, त्यांचा जीव त्या चाऱ्यात राहिलाय. त्या दिवशी मुद्दाम दुप्पट मळला होता. जयवंत बोललो माझ्याशी, जयवंत बोललो... रात्रभर त्यांचं तेच. तुमच्या हाताने चारा मळून तिथे सोडाल का?"

नाही कसं म्हणणार? सगळं सामान तिने आणलं होतं. ती सांगत गेली, जयवंत परातीत मळत गेला.

"हाताला चिकटायचा थांबला की झाला," शेवंती म्हणाली.

तो मळत राहिला. चारा चिकटायचा थांबेना. पीठ घातलं, परत मळला. बोटांना तसाच चिकटत होता. शेवटी तसेच गोळे वळले.

कार्तिकातली अमावस्या. चार डिसेंबर, रविवारची रात्र. जयवंत पवईला पोचला तेव्हा काठावर चिटपाखरू नव्हतं. लवूची जागा त्याला ठाऊक होती. पाण्यावरून गार वारा येत होता. त्याने हात जोडले. एक गोळा टाकला.

डुबुक.

दुसरा टाकला. डुबुक.

तिसरा टाकला.

...

आवाज नाही.

कुठे जलपर्णीवर पडला असेल. त्याने चौथा टाकला, जवळच, मोकळ्या पाण्यात.

आवाज नाही.

वारा पडला होता. जयवंतच्या हातात शेवटचा गोळा. तो टाकायला हात उचलेना.

"चारो बरो मळलंस."

बाजूला. अगदी बाजूला.

जयवंतने मान वळवली नाही.

"जयवंता..."

जयवंतची बोटं हातातल्या गोळ्यात रुतली.

"एक इचारू? ता तंगूस तू हातात धरलंस ना... तुझ्या बोटांक कळूक नाय?"

आवाजात राग नव्हता रे. जयवंत सांगताना हेच पुन्हा पुन्हा म्हणायचा. राग असता तर बरं झालं असतं. एखादं पोर विचारतं ना, तसं विचारत होता. एक शब्द पुरे होता. कळलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

 मग जयवंत बोलला.

"नाय रे लवू... कळूक नाय."

"खरा?"

"खरा."

 पाण्याचा आवाज नाही. वारा नाही.

मग सुस्कारा. ओझं उतरल्यासारखा.

"मगे बरा. चल तर... घराक जाव्या."

जयवंत निघाला. पळाला नाही. चालत सुटला. सगळा रस्ता. मागे बघितलं नाही. मागे पावलं वाजत नव्हती. एकदाही नाही. त्याला वाटलं, सुटलो.

सुगंधावहिनी जागी होती. त्याने पाय धुतले, भिंतीला टेकून बसला. तिने चहाचा कप पुढे ठेवला. मग दुसरा कप भरला आणि दाराकडे बघत थांबली.

"ते कुठे राहिले?"

"कोण?"

"तुमच्या मागून जिना चढले ते. दोघांची चाहूल लागली मला."



"कुणी नाही. दार लाव."

तिने दार लावलं. भरलेला दुसरा कप तिने भिंतीशी ठेवला, तो तसाच राहिला. जयवंत त्याच्याकडे बघत बसला. रात्रभर. डोळे मिटले नाहीत, हे तो शपथेवर सांगायचा. कपाजवळ कुणी आलं नाही. कप हलला नाही.

उजाडल्यावर वहिनीने कप उचलला. वरची साय जशीच्या तशी होती, काठापासून काठापर्यंत, कुठे सुरकुती नाही. पण कप हलका लागला. तिने बोटाने साय बाजूला केली.

खाली चहा नव्हता. कप कोरडा होता.