खरवडलेला किनारा

कप्तानाच्या मुलीचं पत्र आलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. तिने एवढंच विचारलं होतं, "बाबांनी सांगितलेला किनारा तुम्ही नकाशावर काढला होता ना? आमच्या घराला गाव अजून लबाडाचं घर म्हणतं."

काढला होता. साम्राज्याच्या नकाशाघरात मी आयुष्यभर नोकरी केली. पश्चिमेचा समुद्र म्हणजे जगाचा शेवट, असं धर्मपीठाचं वचन; आणि कप्तान तर पलीकडची जमीन मोजून आला होता. त्याच्या टिपणांवरून मी किनारा रेखला. आठ दिवसांत वरून हुकूम आला, तेव्हा मीच पात्याने तो खरवडला आणि जागा हाडाच्या तुकड्याने घोटून गुळगुळीत केली. साहेबांनी कामाचं कौतुक केलं. कप्तान तुरुंगात वारला.

तो बाद कागद मी घरी टेबलाच्या खणात अंथरला होता. गेल्या महिन्यात खण आवरताना त्यावर एक बारीक तपकिरी रेघ दिसली. माझा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही, म्हणून कर्कटकाने मोजली. दुसऱ्या दिवशी ती बोटभर वाढली होती. खरवडली, घोटली. सकाळी रेघ परत जागेवर, आणि तिच्या कुशीत एक बंदर. बंदर मी कधी काढलंच नव्हतं.

मग धक्का आला. मग मोहरीएवढी घरं. तिथे बोट टेकवलं की गार लागायचं. एकदा ते बोट जिभेला लावलं. खारट.

शेवटी बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हे तुम्ही काढलेलं नाही?"

"नाही."

"मग त्या मुलीला लिहा."

"धर्मपीठाची माणसं दारात येतील."

"येऊ देत. या वयात नेऊन काय लोणचं घालणार आहेत तुमचं? एकोणीस वर्षं दौतीत बघत बसलात, तेवढं पुरे."

लिहायला बसलो. चार मसुदे नेहमीसारखे गुळमुळीत झाले. फाडले. पाचव्यात तीनच वाक्यं होती. किनारा मी काढला होता. मीच खरवडला. तुमचे वडील खरं बोलत होते. खाली पूर्ण नाव आणि हुद्दा घातला.

पुरावा म्हणून नकाशाही घडी घालून पाकिटात ठेवायचा होता. घडी घालताना पाहिलं, धक्क्यापासून थोडं दूर एक गलबत होतं. नाळ, म्हणजे पुढचं टोक, आमच्या बाजूला.

दुपारीच टपाल कचेरीत गेलो. कारकुनाने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं. ताटली खाली गेली, संथपणे वर आली, पुन्हा खाली.

"आजोबा, आत जिवंत काही नाही ना?"

"कागद आहेत."

माझा हात पाकिटाकडे गेला होता. त्याने तो पाहिला.

"परत हवंय का?"

"नको. शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.

काट्याची रिकामी ताटली संथपणे वरखाली होतच राहिली.