नऊ मिलिमीटर

“ताई, मार्चपर्यंत माझी नखं राहू देत. नाहीतर माझा अर्ज जाईल,” असं बाळ सांभाळायला येणाऱ्या मुलीने दिवाळीच्या आधीच सांगून ठेवलं होतं. केतकी सबनीसने ते हसण्यावारी नेलं. औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, आणि नखांची हौस कसली. मांडीवरच्या पाच महिन्यांच्या लेकीच्या, इराच्या गालावर बारीक ओरखडा होता. तो इराने स्वतःच काढला होता हे केतकीने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिने नेलकटर आणून त्या मुलीच्या हातात ठेवलं.

मुलगी टांझानियाची, पुण्यात शिकायला आलेली. तिचं नाव ने-ए-मा. उंड्रीच्या त्या सोसायटीत तीन अक्षरं उच्चारायला कोणाला वेळ नव्हता, म्हणून तिची नीमा झाली. कॉलेज सुटलं की ती दुपारी यायची. इराला मालीश, आंघोळ, दुपटी धुणं, मग पोळ्या. शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्यांना काम करायची परवानगी नाही हे केतकीला पक्कं माहीत होतं. म्हणून त्या घरात काम हा शब्द कोणी उच्चारत नसे. लिफ्टमध्ये कोणी विचारलंच तर केतकी म्हणायची, “आमच्या घरचीच आहे ती.” या घरचीचा चहाचा कप मात्र वेगळा, सिंकखालच्या कप्प्यात असायचा.

नखांची भानगड नेएमाने एकदा दुपटी पिळता पिळता समजावली होती. शिष्यवृत्तीच्या निबंधांना आता कोणी विचारत नव्हतं. यंत्रं इतके करुण निबंध लिहून द्यायला लागली होती, की बंगल्यात राहणारी मुलंही वाचताना उपाशी वाटायची. म्हणून मोठ्या शिष्यवृत्ती समित्यांनी नखवाचन आणलं. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. शरीराने काय सोसलं, अर्धपोटी राहिलं, झोप मोडली, भीती वाटली, ते त्याच्या थरांत साठत जातं. वाचकयंत्र ते थर पुस्तकाच्या पानांसारखे चाळतं. समितीला तीन महिन्यांची पानं हवी होती. म्हणजे वाढलेली कड नऊ मिलिमीटर.

“म्हणजे रडगाणं आता नखातही मावतं,” केतकीचा नवरा शार्दूल सोफ्यावरून म्हणाला. केतकी हसली. नेएमा हसली नाही. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर शेवटच्या वर्षाची फी भरता येणार नव्हती. कॉलेजमधून नाव कमी झालं की व्हिसा संपणार, आणि पदवीशिवाय परत जावं लागणार. हेही तिने सांगितलं होतं. केतकी तेव्हा इराच्या बाटलीतलं पाणी पुरेसं उकळलंय का ते बघत होती.

दर रविवारी नेएमाची नखं कापली जाऊ लागली. शनिवारी नाही, कारण सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या केतकीला शनिवारी नखं कापलेली चालत नसत. कापलेली नखंही घरात ठेवायची नाहीत, भांडणं होतात. कागदात गुंडाळून ती दाराबाहेरच्या कचऱ्यात जायची, आणि गेली की नाही ते केतकी स्वतः बघायची. बाळासाठी ती फार जपायची, असं सगळे म्हणायचे.

मार्चमध्ये कॉलेजच्या यंत्राने नेएमाची बोटं पाहिली आणि उत्तर दिलं: नमुना अपुरा.

त्या दिवशी ती दारातच उभी राहून विचारू लागली. “ताई, ती कापलेली नखं आहेत का कुठे? तारीख घातलेल्या पुड्या असत्या तरी चाललं असतं म्हणाले.”

केतकी म्हणाली, “वेडी आहेस का. नखं कोणी जपून ठेवतं?”

एकच वाट उरली होती. जी व्यक्ती अर्जदाराला रोज बघते तिने पत्र द्यायचं: ही मुलगी किती तास राबते, काय खाते, झोपते कुठे. समिती ते पत्र अर्जदाराशिवाय कोणाला दाखवत नाही, असा नियमच होता. नेएमाने तो छापून आणला होता, इंग्रजी ओळींखाली पेनाने रेघा मारून.

शार्दूलने नियम वाचलाच नाही, तो केतकीवर खेकसला. “तू लिहून देणार की आम्ही परदेशी मुलीला चोरून राबवतो? आपलं नाव, पत्ता, सही? उद्या कोणी दारात आलं तर ती समिती येणार आहे का सोडवायला?”

केतकीने पत्र लिहिलं. सुरेख लिहिलं. नेएमा आमच्या घरचीच आहे. आमच्या मुलीची ती मावशी आहे. आमच्यात तिला काही कमी पडत नाही. शेवटची ओळ लिहिताना केतकीचे डोळे भरून आले. आपण किती मोठ्या मनाच्या आहोत असं तिला वाटलं. पत्र तिने नेएमाला न दाखवताच पाठवलं.

समितीचं उत्तर आठ दिवसांत आलं. अर्जदारास पुण्यात कौटुंबिक आधार उपलब्ध आहे. गरज सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर. सोबत पत्राची प्रत होती.

नेएमाने ती प्रत दोनदा वाचली. इराला झोळीत ठेवलं. सिंकखालचा कप काढून धुतला आणि वरच्या फळीवर, इतर कपांच्या रांगेत ठेवला. मग चपला घालून गेली. केतकीने तिला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून इरा आंघोळीला रडायला लागली, याचाच तिला काय तो राग आला.

“तुमची ती घरची हल्ली दिसत नाही,” सातव्या मजल्यावरच्या टिपणीस काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या.

“तिच्या गावी गेली,” केतकी म्हणाली.

ती गावी गेलेली नव्हती. जूनमध्ये परक्या देशाच्या नंबरावरून फोन आला. नेएमाची आई होती. मोडक्या इंग्रजीत ती जपून एकेक शब्द बोलत होती. मुलीने पुण्यातल्या बहिणीचा म्हणून हा नंबर देऊन ठेवला होता. वसतिगृह म्हणतं खोली एप्रिलमध्येच सोडली, व्हिसा संपला, ती घरी पोचलेली नाही. मग बाईने विचारलं, “तुम्ही तिच्या घरच्या ना? मग ती कुठे आहे?”

नेएमा कुठे राहायची ते केतकीने कधी पाहिलं नव्हतं. नखं बघायची सवय तेवढी होती.

तिने शहरातल्या लहान बाळांच्या आयांच्या फोनवरच्या गटांवर एक निरोप टाकला. आधी त्यात ‘आमच्या घरची’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. उरलं ते एवढं:

तुमच्याकडे किंवा शेजारी बाळ सांभाळायला कोणी परदेशी मुलगी येते का? कोणी विचारलं की तुम्हीही ती घरचीच आहे असं सांगता का? आज तिची बोटं बघा. नखं मुळापर्यंत कापलेली असतील तर तिला समोर बसवा, जेवलीस का विचारा, आणि नाव विचारा. ती नीमा म्हणेल. पुन्हा विचारा. ने-ए-मा म्हणाली, तर सोबतच्या नंबरावर तिच्या आईला फोन लावून द्याल का?