साडेअकराशे किलोमीटर

"आलीस काय, निघालीस काय! येतेस तरी कशाला मावशी?"

असं म्हणून लेकीने आपल्या बाळाला मावशीच्या मांडीवरून उचलून घेतलं. सहा वर्षांची असल्यापासून ती आपल्या सावत्र आईला मावशीच म्हणत आली होती. जावई मुकाट्याने कपबश्या गोळा करू लागला, कारण या दोघींच्या मध्ये पडण्याइतका तो खुळा नव्हता.

"विमानाने पावणेदोन तास तर लागतात! दहाला दारात, बाराला त्या सुजलेल्या पायांत चपला... नऊ महिने हेच चाललंय. पोटची मुलगी असते तर अशी घड्याळाकडे बघत बसली असतीस?"

मावशीला ते लागलं, तरी ती हसली. खरं तर ती विमानाने येतच नव्हती. कानाच्या दोन शस्त्रक्रियांनंतर डॉक्टरांनी तिला विमान कायमचं बंद केलं होतं. महिन्यातून एकदा, शनिवारी इस्पितळाच्या धुलाई विभागातली पाळी संपली की ती बसमध्ये बसायची, एकोणीस तासांनी इथे उतरायची, आणि सोमवारी नऊच्या आत पुन्हा चादरींच्या ढिगापुढे उभी! हे कळलं तर लेक आपल्याला येऊच देणार नाही, या धास्तीने तिने तोंडाला कुलूप लावलं होतं.

"चल, आज मीच सोडते विमानतळावर," लेक किल्ली उचलत म्हणाली.

"टॅक्सीने जाईन गं..."

पण तिचं कोण ऐकतंय! गाडी निघाली. बस एकची, थांबा नेमका उलट दिशेला, आणि ती चुकली तर सोमवारची पाळी बुडणार. मावशीने तीन सिग्नल कळ काढली. चौथ्याला तिचा धीर सुटला.

"गाडी वळव. विमानतळावर माझं काही काम नाही."

तिने पर्समधून तिकीट काढून दिलं. लेकीने गाडी कडेला घेतली, तिकीट वाचलं, पुन्हा वाचलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"जाऊन येऊन अडतीस तास... नऊ वेळा... म्हणजे तीनशे बेचाळीस!"

"अगं, त्यातला निम्मा वेळ झोपेतच जातो," मावशी चोरी पकडल्यासारखी घाईघाईने म्हणाली.

"आणि मी तुझ्या सुजलेल्या पायांची चेष्टा केली... काय मेली मी तरी!" लेक स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली. मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बस चुकेल याची हळूच आठवण करून दिली.

थांब्यावर बसचं इंजिन सुरूच होतं. मावशी खिडकीशी बसली, लेकीने पिशवी वर दिली.

"पुढच्या महिन्यात तू यायचं नाहीस."

शेवटी व्हायचं तेच झालं! इतकी वर्षं सगळं गिळलेल्या मावशीने खिडकीतून तिचा हात धरला. "असं नको करूस गं... बाळ मला ओळखेनासं होईल..."

"ओळखेल. मी घेऊन येतेय त्याला." लेकीने डोळे पुसले. वडील गेल्यापासून तिने माहेरच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. "चांगली महिनाभर राहीन. माहेरपण करशील ना माझं?"

मावशी नुसती होकाराची मान हलवत राहिली, आणि बस सुटून वळणाआड गेली तरी हलवतच होती.