पनिहारच्या पुलियावरची मोटारसायकल

वाटेत टाकून दिलेला सोबती मेल्यानंतर सूड उगवतो, ही कथा चंबळेच्या खोऱ्यात उंटवाल्यांची म्हणून सांगतात, माळव्यात बैलगाडीवाल्यांची. त्या दोन्ही पाठांत मृत सोबती अपराध्याचा प्राण घेतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतला पाठ याच ठिकाणी वेगळा होतो. त्यात वाहन मोटारसायकल आहे, आणि मृताला प्राण नको आहे. तिथल्या कंपू मोहल्ल्यातले जगदेवराव, वाहनखान्यातले जुने मिस्त्री, हा पाठ रात्री दिवे मालवून पुतण्यांना सांगत. गोष्टीतल्या महिपतरावाला आपण ओळखत होतो, हे ते आधी बजावीत.

महिपतराव आणि उमाजी संस्थानी फौजेतले टपालस्वार. दोघांत मिळून एकच गाडी, युद्धकाळातली, विलायती. ट्यूब फाटली की टायरात गवत ठासायचे, पेट्रोल कमी पडले की घासलेट मिसळायचे, आणि खडकाळ नाल्यांतून तशीच हाकायची. ती कधी अडली नाही. खेचराची अवलाद, असे जगदेवराव तिला म्हणत.

संस्थान मध्यभारतात विलीन झाले. फौज मोडायची ठरली आणि नव्या सरकारच्या वाहनखान्यात एकाच स्वाराची जागा निघाली. वाहनखान्याच्या साहेबाचा कल उमाजीकडे होता.

१९५० च्या पौषात दोघे शिवपुरीहून परतत असता पनिहारजवळच्या पुलियावर, नाल्यावरच्या लहान पुलावर, गाडी घसरली. महिपतरावाला खरचटले, उमाजीचा पाय मोडला. मला मागे बसवा, त्याने विनवले. गाडी दोघांना ओढणार नाही, डॉक्टर घेऊन येतो, असे सांगून महिपतराव निघाला. घरी आला. अंथरुणावर पडला. सकाळी पुलियाखाली उमाजी गारठून मेलेला सापडला.

महिपतरावाने साहेबांना सांगितले तेच तेराव्याला उमाजीच्या बायकोला, दुर्गेला, सांगितले: गाडी दोघांना ओढेना, डॉक्टर भेटला नाही.

दुर्गेने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, "भावजी, त्याच गाडीवर आपण तिघं शीतलेच्या जत्रेला गेलो होतो. मी होते, हे होते, तुम्ही होता. वर नारळांचं पोतं." तिने पुढे म्हटले, "आता गाडी तुमची. चालवा. जपून चालवा, असं मात्र मी म्हणणार नाही."

जागा महिपतरावाला मिळाली.

त्याच वर्षीची सर्वपित्री अमावास्या. शिवपुरीला लखोटे पोचवून तो एकटा परत निघाला. आभाळ स्वच्छ होते, रस्ता ओळखीचा. पनिहार मागे पडले. पुलिया समोर दिसली आणि गाडीचे मागचे चाक किंचित दबले. कोणी सावकाश बसावे, तसे.

त्याने मागे हात नेला. काही नव्हते.

गाडी जड झाली. पण चाल मंदावली नाही. इंजिनाचा ठोका तोच. दोघांना ओढीत होती. सहज.

मानेवर गार श्वास आला…

"उमाजी?"



येथे जगदेवराव थांबत. एकदा एका पुतण्याने न राहवून विचारले, "काका, सच में कोई बैठा था?"

"मला काय विचारतोस? मी होतो का मागे बसलेलो?" कोणी हसले नाही.

पुलियावर हँडल फिरले. कोणी फिरवले, ठाऊक नाही. महिपतराव खाली. पाय गाडीखाली. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला.

इंजिन बंद पडले नव्हते.

अंधारात गाडी उठली… पायावरचा भार गेला. त्याने हात जोडले. मला मागे बसव, म्हणाला. पुन्हा म्हणाला. गाडीचा ठोका ग्वाल्हेरच्या दिशेने दूर गेला. मग तोही नाही.

पहाटे गाडीवानांना तो सापडला. जिवंत. पाय कापावा लागला, नोकरी गेली. कुबडीवर तो पुष्कळ वर्षे जगला.

त्याच पहाटे जगदेवरावांनी वाहनखाना उघडला. फाटकाचे कुलूप शाबूत होते. गाडी अंगणात स्टँडवर उभी होती, इंजिन केव्हाच निवलेले. रात्रभर दंव पडले होते. दिवा, टाकी, पुढचे खोगीर, सगळे ओलेचिंब होते.

मागची गादी कोरडी होती.